फाटकाशी बांधलेलं तरणं कुत्रं: भुंकणं आणि दात लावणं

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. लातुरात बैठं घर, पुढे अंगण, रस्त्याला लागून फाटक. तीन आठवड्यांपूर्वी एका शेतावरून दत्तक आणलेला आठ-नऊ महिन्यांचा नर, अंगानं कारवानी (सडपातळ शिकारी जातीच्या) वळणाचा पण गावठी मिश्रण. दिवसा फाटकाजवळ साखळीला, रात्री गच्चीवर. घंटागाडी, टँकर, दूधवाला, कुणीही आलं की भुंकत सुटतो. रात्री दोन-दोनपर्यंत थांबत नाही आणि शेजारी आता बोलायला लागलेत. संध्याकाळी सोडला की सात वर्षांच्या लेकीच्या पोटऱ्यांना दात लावतो, आजींच्या लुगड्याचा काठ धरून ओढतो. पेपरची सुरळी मारून झाली, नाकावर चापट देऊन झाली, उलट वाढलंय. आणि प्रश्न असा की हा चावरा निघाला का, परत द्यावा का, की मुसकं बांधावं?

उत्तराआधी एक काम उरकून घ्या. लेकीच्या पायावर दातानं कातडी फुटली असेल, अगदी खरचटल्यासारखं असलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आधीची फुटली असेल आणि डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आज दाखवा. कुत्रा तीन आठवड्यांचाच पाहुणा आहे, त्याच्या लसीचा कागद तुमच्याकडे नाही, त्यामुळे ‘घरचाच आहे’ हे इथं चालत नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. ती कातडीत देतात तेव्हा 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा नजरेसमोर ठेवायचा, पण लस सुरू करायला ते दहा दिवस संपायची वाट पाहायची नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, पण दोन्हींचं मूळ मला एकाच जागी दिसतं. या कुत्र्याला चोवीस तासांत नीट झोप मिळत नाही. या वयाच्या कुत्र्याला दिवस-रात्र मिळून चौदा ते सोळा तास झोप लागते. तुमचा कुत्रा दिवसा फाटकाशी बांधलेला, म्हणजे दर पाच मिनिटांनी कान टवकारून उभा. रात्री गच्चीवर, म्हणजे अख्ख्या गल्लीतली भटकी कुत्री त्याला दिसतात आणि ऐकू येतात. शेतावर रात्री भुंकणं हेच त्याचं काम होतं, त्याबद्दल भाकरी मिळत होती. ते काम तो इमानानं चालवतोय. असं शिणलेलं जनावर संध्याकाळी साखळीतून सुटलं आणि समोर लेकरू पळायला लागलं की दात लागणारच. कारवानी रक्त असेल तर पळणाऱ्या वस्तूमागे जाणं अंगातच असतं. लेकरू ओरडलं, आजींनी काठ ओढून घेतला, की त्याच्या लेखी खेळ रंगला.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी दुखणं-खुपणं तपासायचं, मग जागा आणि झोप, शिकवणं त्यानंतर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. ‘बस’ शिकवायला पहिल्याच दिवशी सुरुवात होते आणि साखळी मात्र फाटकालाच राहते.

दुखण्याचं आधी. शेतावरचा कुत्रा म्हणजे गोचीड असणार. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बघा. गोचीडतापात कुत्रा सुस्त होतो, सांधे दुखतात, हात लावला की चिडतो. त्याची रक्ततपासणी होते आणि औषधही आहे. गोचीड मारायला शेतातलं फवारणीचं औषध अंगाला चोळू नका. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि त्यात कुत्री दगावतात. तोंड उघडून सुळे बघा. सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून जायला हवेत. पक्क्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा अडकून बसला असेल तर तोंड ठणकतं आणि कुत्रा दिसेल ते चावत सुटतो. जंताचं औषध, रेबीजची लस, सातएक रोगांची एकत्रित लस हे सगळं एका फेरीत विचारून घ्या. तुमच्या भागात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळच्या डॉक्टरांना उलगडलं नाही तर तिथं दाखवता येईल. खच्चीकरणाबद्दलही तिथंच बोला. ते करावं, पण त्यानं दात लावणं आपोआप थांबेल या आशेवर करू नका, आणि भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत तर वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खाण्याचंही बघा. दूध-भाकरीवर वाढलेला तरणा कुत्रा पोटभर जेवूनही अर्धपोटी असतो, कारण त्यात प्रथिनं कमी पडतात. ज्वारीची भाकरी बंद करायची गरज नाही. तिच्यात रोज एक-दोन उकडलेली अंडी किंवा बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन आणि थोडं दही घाला, दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. मटणाचा रस्सा नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. कारवानी वळणाच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं ठीक, पण कमरेची हाडं वर आलेली दिसली तर तो खरंच उपाशी आहे.

आता जागा. फाटकाजवळची साखळी आजच काढा. साखळीला बांधलेलं कुत्रं पुढे जाऊ शकत नाही, मागे पळू शकत नाही, त्याच्या हातात फक्त भुंकणं उरतं. शिवाय त्याच्या हिशोबानं ते दर वेळी यशस्वी होतं. घंटागाडी आली, तो भुंकला, घंटागाडी गेली. दूधवाला आला, तो भुंकला, दूधवाला गेला. असा सराव दिवसातून वीस-पंचवीस वेळा होत असेल तर तुमची दहा मिनिटांची शिकवणी त्यापुढे टिकणार नाही.

त्याची जागा घराच्या मागच्या बाजूला किंवा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात करा, जिथून रस्ता दिसत नाही. खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी, बाजूला जड बुडाच्या भांड्यात पाणी. फाटकाच्या गजांना आतून हिरवी शेडनेट दुहेरी बांधा किंवा पत्रा लावा, मागच्या पायांवर उभा राहिला तरी बाहेरचं दिसू नये इतक्या उंचीपर्यंत. पाचशे रुपयांच्या आत होणारं काम आहे, आणि भुंकण्यावर एवढ्या स्वस्तात एवढा उतारा दुसरा नाही.

रात्री गच्ची बंद, घरात झोपू द्या. आजींना पटणार नाही, ते मी समजू शकतो. मग निदान ओसरीवर किंवा मागच्या बंद व्हरांड्यात. सात-साडेसातला जेवण, साडेदहा-अकराला शी-शूसाठी शेवटची फेरी, मग त्याच्या जागेवर. उन्हाळ्यात कुलर चालू असेल तर त्याचा आवाज बाहेरचे बारीक आवाज झाकतो. वीज गेली की तोच कुत्रा पाच मिनिटांत उठून भुंकायला लागतो, तेव्हा त्याला दोष देऊ नका. पहिल्या तीन-चार रात्री तो कुरकुरेल. जवळ कुणीतरी झोपलं तर लवकर निवळतो.

दिवसाची आखणी साधी ठेवा. पहाटे पाऊण तास फिरणं, तेही पाच मीटरच्या लांब दोरीवर आणि हुंगू देत. चेंडू फेकफेक करून दमवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पाठलागाचं वेड असलेल्या कुत्र्याला त्यानं शांतपणा येत नाही, दम वाढतो आणि वेडही वाढतं. हुंगण्यानं तो जास्त थकतो. शेताकडे नेलंत तरी दोरी सोडू नका. बिनकठड्याच्या विहिरी, उंदराचं औषध आणि दुसऱ्याच्या शेळ्या, तिन्ही असतात. आणि ‘कारवानी आहे, सशावर सोडून बघा’ असं म्हणणारे भेटतील. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, शिवाय ती चटक लागली की लेकीच्या पोटऱ्यांना दात लावणं सोडवणं अवघड होतं. एप्रिल-मेत सकाळी सातनंतर डांबरी रस्ता टाळा. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतात. फिरून आल्यावर खाणं, मग दहा ते एक आणि दोन ते पाच सक्तीची विश्रांती, त्या वेळात कुणीही त्याला उठवायचं नाही. संध्याकाळी पुन्हा फेरी, आणि लेकीशी खेळ त्यानंतर.

हे सगळं आठ-दहा दिवस झालं की भुंकणं आणि दात लावणं दोन्ही बऱ्यापैकी खाली आलेलं दिसतं. उरतं ते शिकवायचं.

दात लावण्याचं सविस्तर सांगतो, कारण लेकराचा प्रश्न आहे. आधी ओळखा की दात कुठल्या जातीचे आहेत. अंग सैल, शेपटी सगळ्या पाठीसकट हलतेय, पुढचे पाय खाली आणि ढुंगण वर, दात लागतात पण खड्डा पडत नाही, तर तो खेळ आहे. अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, क्षणभर थिजला आणि मग दात, तर ती भीती किंवा राखण आहे. त्याला पुढचे उपाय लावायचे नाहीत, जाणकाराला प्रत्यक्ष दाखवायचं. तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिल्या प्रकारातला वाटतो, पण हे तुम्ही बघूनच ठरवा. शक्य असेल तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून सावकाश पाहा. थिजणं डोळ्यांना निसटतं, चित्रणात सापडतं.

खेळकर दातांसाठी घरात असताना त्याच्या हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) दीड-दोन मीटरची हलकी दोरी लावून ठेवा, टोकाला गाठ किंवा फास नको, नाहीतर कुठेतरी अडकते. ती जमिनीवर फरपटत राहू दे, पण कुणी लक्ष ठेवायला नसेल तेव्हा काढून टाका. दात लागले की तीन गोष्टी करायच्या: हालचाल बंद, आवाज बंद, नजर दुसरीकडे. हात झटकून मागे घेतला की तो पकडायला येतो. दोन सेकंदांत सोडलं तर लगेच जाड, लांब खेळणं पुढे करा. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची तीन पदरी वेणी, हातभर लांब, हे उत्तम. लांब असली की दात आणि हात यांत अंतर राहतं. सुतळी मात्र नको, धागे पोटात जातात. सोडलं नाही, तर काही न बोलता दोरी धरून त्याला जागेवर अडकवा आणि तुम्ही वीस-तीस सेकंद दाराआड व्हा. परत या, जणू काही झालंच नाही. लागोपाठ तिसऱ्यांदा दात लागले तर तो आता शिकण्याच्या पलीकडे शिणलाय. जागेवर न्या, ताटलीत दही पसरून बर्फाच्या कप्प्यात घट्ट केलेलं असेल ते चाटायला द्या. पंधरा मिनिटांत झोपतो.

सोडायला शिकवणं वेगळं करा, तो शांत असताना. वेणी तोंडात दिली, ओढाताण थांबवून हात आपल्या मांडीला चिकटवला, नाकाशी चिकनचा तुकडा नेला. तोंड उघडताना ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि वेणी परत द्या. हे परत देणं लोक विसरतात. प्रत्येक वेळी वस्तू जाते असं कळलं की कुत्रा वस्तू घेऊन पळायला शिकतो. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. एका वेळी पाच-सहाच फेऱ्या, दिवसातून तीनदा.

लेकीला एकच गोष्ट शिकवा: कुत्रा अंगावर आला की झाड व्हायचं. पाय जुळवून उभं राहायचं, हात काखेत, नजर आपल्या पायांवर. कुत्रा नसताना तिच्याबरोबर तालीम करा, मोठ्यांनी कुत्रा व्हायचं. लेकरांना ते आवडतं. सध्या महिनाभर दोघं एका खोलीत असली की एक मोठं माणूस हजर हवं, हातातला फोन खाली ठेवून. आणि घरातल्या-गल्लीतल्या सगळ्यांनी ‘छू’ म्हणणं बंद. शेतावर वाढलेल्या कुत्र्याला त्याचा अर्थ पक्का माहीत असतो. तसंच ‘हाड’ही बंद. त्याच्या अनुभवात त्या शब्दामागून दगड येतो, तो भितो आणि भ्यालेलं कुत्रं खेळातलं दातांचं भान विसरतं. ‘बस’, ‘सोड’, ‘चल’, ‘जागेवर’ एवढे चार शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. एक जण ‘सीट’, दुसरा ‘बस’, तिसरा ‘खाली बस रे’ असं झालं की त्याला काहीच कळत नाही.

पेपर, चापट, उताणं पाडून दाबून धरणं हे का चालत नाही तेही सांगतो. मार बसला की तो दात लावायचं नाही, आधी गुरगुरायचं सोडतो. गुरगुरणं ही सूचना आहे, ती गेली की पुढचा चावा बिनसूचनेचा येतो. गुरगुरल्याबद्दल कधीही शिक्षा करू नका, मागे सरा आणि कारण शोधा. झटका देणारा पट्टाही नको. दूधवाला दिसला आणि मानेत झटका बसला, तर त्याच्या हिशोबानं दूधवालाच टोचतो.

मुसक्याबद्दल: कापडी पट्टी किंवा दोरीनं तोंड बांधणं मराठवाड्याच्या उन्हात जिवावर बेतू शकतं. कुत्रा घाम गाळून नाही, तोंड उघडून धापा टाकून थंड होतो. जाळीचं, टोपलीसारखं मिळतं, ज्यात तोंड उघडता येतं आणि पाणी पिता येतं. तेही डॉक्टरकडे नेताना, आणि आधी आठवडाभर त्यात तुकडे टाकून सवय लावल्यावर. घरात भुंकणं बंद करायला मुसकं वापरायचं नाही.

आता उरलेलं भुंकणं. शेडनेट लावूनही घंटागाडीचं गाणं ऐकू येणारच. ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. अगदी बारीक आवाजात लावा, तो कान हलवेल पण उठणार नाही इतपत, आणि आवाज चालू असेपर्यंत एकेक तुकडा टाकत राहा. आवाज बंद, तुकडे बंद. दोन-तीन दिवसांनी आवाज एक टप्पा वाढवा. उठून भुंकला तर तुम्ही घाई केली, एक टप्पा खाली या. टँकरच्या हॉर्नचंही असंच. खरा माणूस दारात आला तर दोन-तीनदा भुंकू द्या, शेतावरच्या कुत्र्याकडून ते पूर्ण काढून घेता येत नाही आणि घ्यायचीही गरज नाही. मग त्याच्यापर्यंत चालत जा, ‘चल’ म्हणा, जागेवर नेऊन गोधडीवर पाच-सहा तुकडे एकामागून एक टाका. लांबून ‘गप्प, गप्प’ ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. आधी तुम्हाला जावं लागेल. नंतर तो तीनदा भुंकून स्वतःच गोधडीकडे वळतो, तेच आपलं ध्येय.

तुमच्याकडे बघून, ताटाशी किंवा पट्ट्याशी उभा राहून भुंकत असेल तर ती मागणी आहे. तिथं काहीच द्यायचं नाही, नजरसुद्धा नाही. दोन सेकंद गप्प झाला की द्या, मग पाच सेकंद, मग दहा. हे सुरू केल्यावर तीन ते पाच दिवस भुंकणं वाढतं. चौथ्या दिवशी कंटाळून दिलंत तर तुम्ही त्याला जास्त वेळ भुंकायला शिकवलंत, म्हणून ते दिवस शेजाऱ्यांना आधी सांगून निवडा. परीक्षेचे दिवस नकोत.

आणि घर रिकामं असताना भुंकत असेल तर ते यातलं काहीच नसेल. बाहेर जाताना मोबाईल ठेवून चित्रण करा. पहिल्या काही मिनिटांतच लाळ गाळणं, दार ओरबाडणं, रडवं भुंकणं दिसलं तर ती एकटेपणाची भीती आहे. वरच्या उपायांनी ती जात नाही, वेगळं विचारा, मी लिहीन.

वेळेचा अंदाज द्यायचा तर: सगळ्या घरानं एकसारखं केलं तर दात दोन-तीन आठवड्यांत मऊ पडतात, फाटकाचं भुंकणं महिना-दोन महिने घेतं. मध्येच शिकलेलं विसरल्यासारखं होईल. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत ते वय तसंच असतं, तेव्हा मागचा टप्पा पुन्हा करायचा. परत देण्याचा विचार आत्ता नको. पण कातडीत खड्डे पडणारा चावा, ताटाशी थिजून गुरगुरणं, किंवा ठरवून लेकीच्याच मागे जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवसापासून दोघांत बंद दार ठेवा आणि डॉक्टर व प्रत्यक्ष येऊन बघणारा प्रशिक्षक, दोघांनाही बोलवा.

आजींच्या लुगड्याचं शेवटी राहिलं. संध्याकाळच्या त्या तासाभरात काठ वर खोचून घ्या म्हणावं, आणि कुत्र्याला जेवणाचं ताट सध्या त्यांच्याच हातून द्या. ताट खाली ठेवण्याआधी तो बसेपर्यंत थांबायचं, एवढंच. काठ धरलाच तर ओढायचा नाही, उभं राहून ‘सोड’ म्हणायचं आणि खिशात, म्हणजे कनवटीला, दोन फुटाणे ठेवायचे.